‘ख्रिस्तात ओळख शोध’ म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?

सलाम बंधू,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना थोडक्यात टिपून घेतला, तो असा: वय ४६. भायखळ्याच्या चाळीत जन्मलात, वाढलात. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि तीन वर्षं विरारला भाड्याच्या घरात राहताय. गेल्या वर्षी १८ वर्षांची नोकरी गेली. जानेवारीत वडील वारले. खोलीची भाडेपावती त्यांच्या नावावर, ती स्वतःच्या नावावर करून घ्यायला बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालताय. बायको विरारच्या एका फेलोशिपमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागटात, रमलीय, मुलीला इंग्रजी उपासनाच समजते. तुम्ही मात्र दर रविवारी जुन्या मंडळीत, म्हणजे आपल्या जुन्या चर्चमध्ये, येता, शेवटच्या बाकावर बसता आणि आशीर्वचनाच्या आधी उठून निघता. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच सल्ला, “ख्रिस्तात आपली ओळख शोध.” आणि तुम्ही विचारताय, म्हणजे नक्की करायचं काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. हे वाक्य मीही कित्येकांच्या तोंडावर फेकलंय, म्हणून उत्तर द्यायचं माझ्यावर थोडं कर्जच आहे. मी आधी १२ वर्षं परिचारिका होते. त्यानंतरची २२ वर्षं मध्य मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमधून समुपदेशनाचं काम करते. ईश्वरविज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही, तेव्हा मी सांगेन ते लोकांसमोर बसून शिकलेलं, असं समजा.

या कामात मी नवी होते तेव्हाची गोष्ट. नवरा गेलेली एक बाई माझ्याकडे आली. दवाखान्याची सवय अंगात होतीच. मी एका कागदावर पाच वचनं लिहिली, सकाळी दोन, रात्री तीन, आणि चिठ्ठी दिली. पुढच्या आठवड्यात तिनं चिठ्ठी घडी घालून परत केली. म्हणाली, “ताई, ही सगळी मला पाठ आहेत. मला झोप येत नाही, त्याचं काय?” ती घडी अजून माझ्या बायबलात आहे.

म्हणून आधी झोपेचं विचारते. रात्री झोप लागते का, जेवण जातं का, सकाळी अंथरुणातून उठणं जड जातं का? हे दोन-तीन आठवडे सलग बिघडलेलं असेल, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर माझं उत्तर इथेच ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला, असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चष्मा काढून वचन वाचायला सांगा.

पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला पुरती माहीत नाही. घरात पगार येतो की नाही? कर्ज किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा विश्वास कधी तुमचा स्वतःचा होता, की वडिलांच्या बोटाला धरून चर्चला येण्यापुरताच? दुसरं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्यापैकी निम्मे तसेच आहोत. पण मग वडिलांबरोबर विश्वासही पुरला गेला असं वाटू शकतं. तो शोक आहे, त्याला त्याचा वेळ द्यायला लागतो. स्तोत्रसंहितेत रडगाण्यांचा केवढा मोठा हिस्सा आहे ते कधी मोजून बघा. ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ वगैरे काही नाही. ते तसंच छापलं जातं, तसंच वाचलं जातं.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही लिहिलंय, “मी कोण हेच कळेनासं झालंय.” मला तुमच्या पत्रात दुसरंच काहीतरी दिसलं. चाळीत जिन्यावरून चढताना प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी तुम्हाला नावानं हाक मारत होतं. वाण्याकडे तुम्ही अमक्याचे धाकटे होतात. ऑफिसात केबिनच्या दारावर पाटी होती. विरारच्या टॉवरमध्ये तीन वर्षांनंतरही वॉचमन वही पुढे करून विचारतो, “कितवा माळा?” तुम्ही आहात तेच आहात, पण तुम्हाला ओळखणारी माणसं एकाच वेळी पांगली. आपल्या भाषेनं इथे मोठी सोय करून ठेवलीय. ‘ओळख’ हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. ‘माझी ओळख काय?’ असं विचारतो, आणि ‘त्यांची-माझी जुनी ओळख आहे’ असंही म्हणतो. दुसऱ्या वापरात दोन माणसं लागतातच. माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगतो की पहिल्यातही लागतात. आरशासमोर एकटं बसून कोणाला ओळख सापडलेली मी पाहिली नाही.

नोकरी गेलेला एक गृहस्थ माझ्याकडे यायचा. पाचव्या-सहाव्या भेटीत रुमाल काढताना त्याच्या खिशातून कंपनीचं ओळखपत्र खाली पडलं, निळ्या पट्ट्यासकट. कंपनीनं आठ महिन्यांपूर्वी काढून टाकलं होतं, कार्ड हरवलं म्हणून सांगून त्यानं ठेवून घेतलं होतं. आम्ही दोघंही त्या कार्डाकडे बघत राहिलो. फोटोत तो बराच तरुण होता. मी काही बोलले नाही, कारण माझ्या कपाटात नर्सेसची टोपी अजून आहे. दवाखाना सोडला त्या वर्षी रस्त्यात कोणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली की मी वळून बघायचे, आणि हाक दुसऱ्याच कोणाला असायची.

तर ‘ख्रिस्तात ओळख शोध’ या वाक्यात माझ्या मते चुकलेला शब्द ‘शोध’ हा आहे. बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आता तुम्ही देवाला ओळखता. आणि वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःलाच दुरुस्त करतो, खरं म्हणजे देवानं तुम्हाला ओळखलंय. मला ही दुरुस्ती फार आवडते. पत्र सांगून लिहवून घेणारा माणूस मध्येच थांबतो आणि क्रियापदाचा कर्ता बदलतो. तुम्ही गेलं वर्षभर पहिल्या अर्ध्या वाक्यात अडकून बसलात: मी देवाला धरून आहे का, माझा विश्वास किती उरलाय, मी कोण. दुसऱ्या अर्ध्यात तुम्हाला काही करायचंच नाहीये.

यार्देन नदीचा प्रसंग तुम्हाला पाठ असेल, पण त्याची जागा बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आकाशातून वाणी होते, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूनं केलंय काय? एक प्रवचन नाही, एक चमत्कार नाही, एक शिष्य नाही. सुताराच्या घरी ३० वर्षं राहिलेला माणूस पाण्यातून वर येतो आणि संतोष आधीच जाहीर होतो. लगेच पुढच्या अध्यायात, रानात, सैतानाचं पहिलं वाक्य काय? ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ धोंड्यांच्या भाकरी कर. ‘असशील तर’ करून दाखव. मुंबई आपल्याला रोज सकाळी हेच म्हणते. ४६ व्या वर्षी मुलाखतीला गेलात की समोरचा तिशीतला पोरगा हेच म्हणतो. येशू तिथे काही सिद्ध करायला जात नाही, कारण आधीच्या अध्यायात जे बोललं गेलंय ते त्यानं ऐकलेलं आहे.

हे वाचून ‘छान आहे’ म्हणाल आणि पुन्हा विचाराल, पण करू काय? म्हणून मी लोकांना पहिलं जे करायला लावते ते सांगते. तुमचा बाप्तिस्मा ज्या मंडळीत झाला तिथे जा आणि पाळकसाहेबांना सांगून बाप्तिस्म्याच्या वहीतली तुमची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दाखला मागायचा नाही, दाखला टाईप केलेला असतो. वहीच बघायची.

बहुतेक जणांनी आपली नोंद कधी पाहिलेलीच नसते. वही मोठी, कापडी बांधणीची, कडा कुठेतरी वाळवीनं खाल्लेल्या. पानावर आडवे रकाने: बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, बाप्तिस्मा कोणी दिला. गेल्या पावसाळ्यात मी एका माणसाबरोबर अशीच बसले होते. त्यानं बोट ठेवून ओळ वाचली. राहण्याच्या रकान्यात ज्या चाळीचं नाव होतं ती आता नाही, तिथे ४० मजले उभे आहेत. धंद्याच्या रकान्यात ‘गिरणी कामगार’. गिरणी नाही. आईबाप नाहीत. बाप्तिस्मा देणारे पाळक कधीच गेले, त्यांची सही फिकी पिवळी. नावाच्या रकान्यात त्याचं नुसतं नाव होतं, आडनावही नाही, कारण आडनाव बापाच्या रकान्यात असतं. तो बराच वेळ त्या रकान्यावरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, “त्या दिवशी मी काय केलं असेन? रडलो असेन.” मी म्हटलं, बहुतेक.

एक गंमत सांगते. त्या मंडळीचं स्वतःचं नावसुद्धा मधल्या काळात बदललं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि आपण पक्की मराठी माणसं एका रात्रीत ‘नॉर्थ इंडिया’त गेलो. माझी आजी शेवटपर्यंत म्हणायची, “आपण काय यूपीचे का?” दारावरची पाटी बदलली, आतली वही तीच राहिली. आधीच्या नोंदीखालीच नव्या नोंदी लिहिल्या गेल्या.

दुसरी गोष्ट करायची ती शेवटच्या बाकाबद्दल. आशीर्वचनाच्या आधी तुम्ही का निघता ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. उपासना संपली की बाहेर सगळे विचारतात, “काय, सध्या कुठे?” आणि तुम्हाला उत्तर द्यायचं नसतं.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक परत आत गेलेच नाहीत. वडील त्यांतले एक. भोंगा वाजेनासा झाला तरी ते पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे. रविवारी मात्र उठत नव्हते. आम्हाला वाटायचं देवावर रागावलेत. खूप वर्षांनी आईनं सांगितलं. अर्पणाची थैली रांगेतून पुढे यायची तेव्हा त्यांना रिकामा हात आत घालून काढायला लागायचा, ते सहन होत नव्हतं. एवढंच होतं. त्यात ईश्वरविज्ञान काही नव्हतं.

एके दिवशी पाळकसाहेब घरी आले. दूध नव्हतं, कोरा चहा दिला. त्यांनी ‘चर्चला का येत नाही’ विचारलं नाही. प्रार्थना करू का, हेही नाही. चहा संपवून म्हणाले, “या रविवारी जुन्या करारातलं वाचन तुम्ही करा. चष्मा आहे ना?” वडिलांचा चष्मा एका काडीचा होता. शेजाऱ्यांचा मागून आणला. कुठला उतारा होता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वाचनाआधी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून वडिलांचं पूर्ण नाव घेतलं, स्वतःचं, बापाचं आणि आडनाव, आणि मागे बसलेल्या कोणीतरी खोकून जागा सारखी केली. पुढे वडिलांनी १५ वर्षं एका इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काढली. सुखानं काढली असं मी म्हणणार नाही, ते घरी चिडचिडे होते. पण महिन्यातून एका रविवारी ते वाचायचे.

म्हणून तुम्ही पाळकसाहेबांना स्वतःहून सांगा की मला महिन्यातून एकदा वाचन द्या. नाहीतर उपासनेनंतर गीतपुस्तकं गोळा करायचं काम घ्या, म्हणजे निघताच येणार नाही. पण एक गोष्ट करू नका, आणि हे मी अनेकदा पाहिलंय म्हणून जरा जोरात सांगते. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीला उभे राहू नका. निदान दोन वर्षं. नोकरी गेलेला, निवृत्त झालेला माणूस कमिटीत शिरतो आणि कंपनीचा निळा पट्टा काढून चर्चचा पट्टा गळ्यात घालतो. मग पुढची निवडणूक हरला की पुन्हा तेच, मी कोण. आपल्याकडे चर्चचे खटले कोर्टात किती वर्षं चालतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यांतल्या निम्म्यांच्या मुळाशी हेच दुखणं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

भाडेपावतीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ती सगळ्यात बोचली. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, भावाबहिणींच्या सह्या, जुन्या पावत्या. ज्या खोलीत जन्मलो तिथले आपणच, हे आता तुम्हाला टेबलापलीकडच्या माणसाला पटवून द्यायचंय. पात्र की अपात्र. अशा वेळी मी जुन्या करारातल्या एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचायला सांगते, जो कोणी वाचत नाही, कारण ती नुसती नावांची यादी आहे. बाबेलहून यरुशलेमेला परतलेल्यांची यादी. ५९ व्या ओवीपाशी थांबा. तिथे काही कुटुंबं आहेत ज्यांना आपण इस्राएलातलेच हे दाखवता येईना. कागद नव्हते, वंशावळ सांगता येईना. ६५२ माणसं. गंमत अशी की त्यांची नोंद यादीत आहे. पुरावा नाही असं लिहून, मोजून, त्यांना त्याच ताफ्यात ठेवलंय. पुढे हेही लिहिलंय की काही याजकांची नावं वंशावळीत सापडली नाहीत म्हणून त्यांचं याजकपद थांबवण्यात आलं. म्हणजे कागद नसला की नुकसान होतं, हे पुस्तक लपवत नाही. तुमचंही होईल, तेव्हा कागदांच्या मागे लागाच, चांगला वकील बघा, ‘प्रभू करील’ म्हणून घरी बसू नका. फक्त त्या टेबलावर जे ठरेल ते खोलीबद्दल ठरेल.

आता नामीबद्दल, कारण तुमच्या पत्राचा सूर मला तिची आठवण देऊन गेला. रूथच्या पुस्तकात ती मवाबातून बेथलेहेमला परत येते. नवरा आणि दोन्ही मुलगे तिकडेच पुरून. गावच्या बायका म्हणतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू. भरलेली गेले होते, देवानं रिकामी परत आणली. म्हणजे बदललेल्या परिस्थितीवरून ती स्वतःला नवं नाव ठेवून घेते. आपण सगळेच ठेवतो. ‘बेकार’, ‘भाडेकरू’, ‘पोरका’. तुम्हीही पत्रात स्वतःला ‘संपलेला’ म्हणालात. नामीला कोणी ‘असं बोलू नये’ म्हणून दटावत नाही, उपदेश करत नाही. पण चार अध्यायांच्या त्या पुस्तकात तिला एकदाही कोणी मारा म्हणत नाही. सांगणारा दर वेळी नामीच लिहितो. शेवटी नातू झाला तेव्हा शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. तिनं मागितलेलं नाव तिला कोणी दिलंच नाही.

तुमच्या आसपास अशी दोन माणसं शोधा जी तुम्ही मागितलेलं नाव तुम्हाला देणार नाहीत. शोधायचंच असेल तर हे शोधा. चाळीतला एखादा जुना मित्र, संडे स्कूलला बरोबर असलेला कोणी. त्याला महिन्यातून एकदा भेटा. फोनवर नको, समोर, चहा घेऊन.

तुमच्या घरातल्या तीन चर्चबद्दल थोडं. बायकोच्या फेलोशिपचं नाव काढताना तुम्ही दोनदा ‘टाळ्या वाजवणारे’ लिहिलंत. वाजवू द्या. तीन वर्षांत विरारला तुमच्या कुटुंबाला नावानं ओळखणारी माणसं तिनं जमवली, तुम्ही अजून वॉचमनपाशी आहात. महिन्यातला एक रविवार तिच्याबरोबर जा, मागे बसा हवं तर. तिथे कोणी म्हणेल की लहानपणीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, पाण्यात बुडवून पुन्हा घ्या. मी कुठल्या बाजूची ते वहीच्या गोष्टीवरून कळलंच असेल, पण तो वाद इथे घालत नाही. एवढंच सांगते की घर, नोकरी, बाप एकाच झटक्यात गेलेल्या माणसानं असा निर्णय वर्षभर तरी पुढे ढकलावा.

मुलीच्या इंग्रजी उपासनेचं मात्र मलाही थोडं दुखतं, तुमच्यासारखंच. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले तेव्हा आधी मराठी शिकायला बसले, आणि आता आपली नातवंडं मराठीत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना अडखळतात. तिला चर्च बदलायला लावू नका. घरी रात्रीची एक प्रार्थना मराठीत ठेवा, दोन मिनिटांची, तुमच्या वडिलांचे शब्द असतील तर तेच. तिचं त्यातलं काय उरेल ते मला सांगता येत नाही.

यालाच जोडून तुमचा एक उपप्रश्न होता: ख्रिस्तात ओळख म्हणजे मग बाकीच्या ओळखी, मराठी, भायखळ्याचा, अमक्याचा मुलगा, या सोडायच्या का? नाही. ‘यहूदी नाही, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही’ लिहिणारा पौल दुसरीकडे आपण बन्यामिनाच्या वंशातले हे सांगतो, आणि फटके मारायला बांधलं तेव्हा आपण रोमन नागरिक असल्याचंही सांगतो. त्यानं काही फेकून दिलं नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाई बघा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि पदरात लहानगी मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. आता एवढं सगळं गेलेल्या बाईनं नव्या धर्मानं देऊ केलेली ओळख जशीच्या तशी अंगावर चढवली असती तर कोणी दोष दिला नसता. तिनं तसं केलं नाही. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून तिथल्या मठातल्या सिस्टर्सशी पत्रांतून वाद घातला. १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, पुढे केडगावला गेली, आणि बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणायचं काम मरेपर्यंत करत राहिली. तिच्या संस्कृत पांडित्याचं ख्रिस्तानं काय केलं? कामाला लावलं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा इथेच मुंबईत झाला, १८९५ साली, आणि त्यांनी अभंग लिहायचं थांबवलं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याच वाटेनं यायला पाच वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा. एकाच घरात दोघांचा वेग एक नसतो.

आणि वेगाचं निघालंच आहे तर, तुमच्या घरी मंडळीचं कॅलेंडर असेल. त्यावर यिर्मया २९:११ हमखास असतं, मी तुमच्या हिताचेच संकल्प करतो, वगैरे. त्याच्या आधीची १० वी ओवी मी अजून एकाही कॅलेंडरवर पाहिली नाही. तिच्यात बाबेलच्या बंदिवासाची ७० वर्षं लिहिलीत. आणि त्याआधी त्या परक्या शहरात घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं भलं बघा, असं सांगितलंय. म्हणजे विरारला कुंडीत का होईना, काहीतरी लावा. चाळीची नवी खोली कधी मिळायची ते बिल्डरलाही माहीत नसेल. तोवर आपण तात्पुरते आहोत असं धरून राहणं फार थकवतं. अजून सामानाचे खोके उघडले नसतील तर ते उघडा. माझ्याकडे येणाऱ्या भाडेकरूंच्या घरी पलंगाखाली दोन-तीन तरी असतातच.

जुन्या मंडळीत दर रविवारी यायचं की नाही, तर माझ्या मते महिन्यातून दोनदा या, एकदा फेलोशिपला जा, आणि एका रविवारी जवळपासच्या एखाद्या मराठी मंडळीत जाऊन बघा. तुमच्या वाचनाचा रविवार आधी ठरवून घ्या आणि बाकीचे त्याभोवती बसवा. वही बघायला मात्र रविवारी येऊ नका. त्या दिवशी पाळकसाहेबांना फुरसत नसते आणि कपाटाच्या किल्ल्या सेक्रेटरींकडे असतात. आधी फोन करून मधल्या वारी या, तसंही सध्या सकाळ मोकळी आहे. जन्मसाल आणि वडिलांचं पूर्ण नाव सांगितलंत तर वही लवकर सापडते. आणि वाचनाच्या रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. दादरला गाडी बदलायची आहे आणि पहिलं वाचन उपासनेच्या सुरुवातीलाच येतं.